मेधाशिवाय तुलुम

आमच्या घरात हे कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा गणपतीत, आरती झाल्यावर सगळे प्रसादाला पांगले, तेव्हा देवासमोर बसून मनातल्या मनात सांगून बघितलं. तेही अर्ध्यावर सोडलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर... असो. सुरुवात केलीय, आता थांबत नाही.

मी दोह्यात एका बांधकाम कंपनीत एचआरला होते. वर्ल्ड कपच्या तयारीची वर्षं ती. अल थुमामातल्या आमच्या बेडरूमच्या खिडकीतून दिवसभर क्रेन दिसायच्या, आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत सिमेंटची धूळ बसायची. मेधा त्याच कंपनीत डिझाइन मॅनेजर होती. मूळची पुण्याची, एकटीच राहायची, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर. माझ्या मुलाला गणित शिकवायची. तो तिला इंग्रजीत उत्तरं द्यायचा, ती हट्टानं मराठीत विचारायची. परदेशात एखादं माणूस बहिणीसारखं होतं म्हणतात ना, तशी ती झाली होती. हे मी मुद्दाम सांगतेय. परक्या बाईशी मी असं वागले नसते. परक्याचा एवढा राग येतो का कधी?

मेधाला एक वेड होतं. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर माया लोकांची जुनी नगरं आहेत, ती बघायची. कॉलेजात तिला इतिहास घ्यायचा होता, वडिलांनी सिव्हिलला घातलं. तेव्हापासून तिची एक जाड वही होती. त्यात नकाशे, देवळांची पेन्सिलनं काढलेली चित्रं, कुठून काय बघायचं त्याच्या नोंदी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला समुद्र हवा होता, रिसॉर्ट हवं होतं, आठ दिवस कुणाचा डबा भरायचा नाही हे हवं होतं. ईदच्या सुट्टीत नवरा आणि मुलगा नाशिकला जाणार होते. आम्ही दोघींनी तिकिटं काढली. सकाळी देवळं, संध्याकाळी समुद्र, असं ठरलं. "तुला मी सगळं समजावून सांगीन," ती म्हणाली होती. "तू फक्त चालत राहा माझ्याबरोबर."

आता त्या फाइलबद्दल सांगायला हवं.

त्याच्या आधी काही महिने मी एचआर लीडच्या जागेसाठी अर्ज केला होता. सात वर्षं तेच काम करत होते मी, फक्त पद नव्हतं. जागा मिळाली नाही, बाहेरून कुणी आला. त्या संध्याकाळी मेधा अळूवड्या घेऊन खाली आली. मला जवळ घेतलं. म्हणाली, "अगं, यांना माणसाची किंमतच नाही." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. रडले, हेच नंतर मला सगळ्यात जास्त झोंबलं.

कारण ट्रिपच्या तीन आठवडे आधी फायली कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं, आणि माझी स्वतःची फाइल माझ्याच हातात आली. आत मुलाखतीच्या पॅनेलचे शेरे होते. मेधा पॅनेलवर होती, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं की काम चोख आहे, विश्वासू आहे, पण क्लायंटसमोर उभी करण्यासारखी नाही. बोलणं ‘रस्टिक’ आहे. तो शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला. अडाणी. गावठी. आणि तो बघावा लागला, म्हणजे तिचं खरंच होतं की काय? सांगा ना, या अपमानाचं काय करायचं असतं?

भांडायला हवं होतं. ऑफिसला गाडीतून जाताना मी वाक्यं जुळवायचे, तिचाच शेरा तिला वाचून दाखवायची वाक्यं, ‘अळूवड्या छान झाल्या होत्या हं’ असंही एक. पण लिफ्टमध्ये ती भेटली की मी हसायचे. ती सनस्क्रीन कुठलं घ्यायचं विचारायची, मी सांगायचे. तीन आठवडे मी तिच्याशी गोड बोलले, आणि रोज थोडी थोडी पक्की होत गेले.

तेव्हा कतार सोडून जायचं तर कंपनीकडून एक्झिट परमिट लागायचं. सुट्टीवर जायचं असलं तरीही. ते नसलं की विमानतळावरून माणूस परत. आमच्याकडे सगळ्यांचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे, मी ते सलीमभाईंना द्यायचे. सलीमभाई आमचे मंदूब, म्हणजे सरकारी कामं करून आणणारा माणूस. कोळिकोडचे, पन्नाशीचे, शर्टच्या खिशात कायम एक छोटी डायरी. बावीस वर्षं होते दोह्यात. ईदच्या आधीच्या मंगळवारी ते शेवटचे अर्ज न्यायला आले. मोजून सात घेतले, डायरीत लिहिलं. सातात माझाही होता.

"और कोई, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मेधाचा अर्ज माझ्या कीबोर्डखाली होता.

"नाही," मी म्हणाले. "खलास."

ते गेल्यावर मी तो कागद श्रेडरमध्ये घातला. संध्याकाळी मेधानं फोनवर विचारलं, "परमिटचं झालं ना गं?" मी म्हटलं, "झालं." आणि त्या दिवशी कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली.

निघायच्या सकाळी आम्ही एकाच टॅक्सीतून विमानतळावर गेलो. तिनं नवी टोपी घातली होती. तिची पिशवी जड झाली होती म्हणून ती वही तिनं माझ्याकडे दिली. पासपोर्टच्या रांगा वेगळ्या लागल्या. माझी रांग आधी सरली. मी पलीकडे गेले आणि वळून उभी राहिले. बघायला. हो, बघायलाच. काउंटरवरचा माणूस पडद्याकडे बघत होता, मान हलवत होता. मेधा आधी हसली, मग टोपी काढली, मग तिला बाजूला उभं केलं.

तिचा फोन आला. "अनु, परमिटच नाही म्हणतायत."

आणि इथे मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते — पण माझ्या शपथेला काय अर्थ? मी म्हणाले, "असं कसं? मी स्वतः दिलाय सलीमभाईंकडे. तेच विसरले असणार."

ऑफिस नऊ दिवस बंद. सही करणारे साहेब आदल्या दिवशीच बाहेरदेशी गेलेले. मेधानं पाच-सहा फोन केले. मी काचेपलीकडून बघत होते. शेवटी तिनं मला फोन केला. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू जा," म्हणाली. "तू तरी जा, अनु. मला फोटो पाठव."

मी गेले.

तिथलं काय सांगू? समुद्राचा रंग आपल्याकडच्या कुठल्याच समुद्रासारखा नव्हता. वाळू पिठासारखी. रिसॉर्टवाल्यांनी मनगटाला एक पट्टा बांधला, तो दाखवला की काहीही खायला-प्यायला मिळायचं. सकाळी किनाऱ्यावर तांबूस शेवाळाचे ढीग यायचे, उन्हात त्यांना कुजका वास सुटायचा, आणि माणसं ते पाट्यांनी भरून न्यायची. दुसऱ्या दिवशी मी तुलुमला गेले. समुद्राच्या कड्यावर, तिन्ही बाजूंनी दगडी तटबंदी असलेलं ते नगर. दगडांवर घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडलेले. मी मेधाची वही उघडली आणि तिनं लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमानं फिरले. एके ठिकाणी तिनं लिहिलं होतं, ‘इथे दहा मिनिटं काही न बोलता बसायचं.’ मी तिथे बसले. स्वतःचा फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली लिहिलं, ‘तुझी खूप आठवण येतेय गं.’

खोटं नाही सांगत, मजा आली. जिभेवर साखर विरघळावी तशी. क्लायंटसमोर उभी करण्यासारखी नाही ना मी? बघ कुठे उभी आहे.

एका देवळाच्या दारावर एक मूर्ती आहे, डोकं खाली, पाय वर, आकाशातून उतरणारा देव. वहीत त्याच्यावर दोन पानं होती. तरी मी तिला मुद्दाम विचारलं, ‘हा उलटा माणूस कोण गं?’ मला वाटलं, ती चिडेल, रडेल. तिनं मोठाच्या मोठा मेसेज लिहिला. तो पाऊस असेल, मध घेऊन येणारा देव असेल, मावळणारा शुक्र असेल, तज्ज्ञांत कसे मतभेद आहेत. माझ्या मुलाला गणित समजावायची तसं. शेवटी लिहिलं होतं, ‘अजून काही अडलं तर विचार.’

या चांगुलपणानं मी विरघळायला हवं होतं. उलट मला संताप आला. जळत का नव्हती ती? मग मी फोटोंचा सपाटाच लावला. सकाळी देवळं, दुपारी जंगलातल्या खोल विहिरीचं निळं पाणी, संध्याकाळी आरामखुर्ची आणि माझे पाय. चौथ्या दिवशी तिचा एका ओळीचा मेसेज आला. ‘आज फोटो नको पाठवूस, प्लीज.’

मी तो दोनदा वाचला. आणि आणखी तीन फोटो पाठवले.

परत आले तेव्हा मेधा मला न्यायला विमानतळावर आली होती. गाडीत फोटोंबद्दल बोलली नाही. सलीमभाईंबद्दल बोलली. तिनं त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. वडिलांनी हातातून काढून घेतलेली गोष्ट वीस वर्षांनी मिळत होती, आणि एका माणसाच्या हलगर्जीपणानं गेली, असं ती म्हणाली. गाडी सिग्नलला थांबली होती. मला वाटतं, तेव्हा बोलता आलं असतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दोन दिवसांनी आमच्या लेबनीज डायरेक्टरनं बोलावलं. मला, मेधाला, सलीमभाईंना. मला विचारलं, अर्ज किती दिले होतेस? मी म्हणाले, आठ. स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता. सलीमभाईंनी खिशातून डायरी काढली. पानं उलटत त्या मंगळवारपाशी आले. तिथे सात लिहिलेलं होतं, मी लिहिताना बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग डायरी मिटली.

"शायद मेरे से ही रह गया, सर," ते म्हणाले.

का म्हणाले असतील? एका मॅडमला सर्वांदेखत खोटं पाडायचं नाही म्हणून? की डायरेक्टर डायरीवर विश्वास ठेवणार नाही हे बावीस वर्षांत त्यांना कळलं होतं म्हणून? मी खूपदा विचार केलाय. उत्तर काहीही असलं तरी माझ्या बाजूचं काही बदलत नाही.

त्यांची बदली अल रुवैसच्या गोदामात झाली, अगदी उत्तरेच्या टोकाला. स्टोअरकीपर म्हणून. ते पत्र मी टाइप केलं, माझं कामच ते. नव्या पदावर त्यांना फॅमिली व्हिसा ठेवता येईना. बायको आणि दोन मुली शाळेचं वर्ष अर्ध्यात टाकून कोळिकोडला परत गेल्या. तेही कागद माझ्याच टेबलावरून गेले, आणि त्यातला एकही हरवला नाही.

मेधा पुढे पुण्याला गेली. मेक्सिको राहूनच गेलं तिचं. दिवाळीला तिचा फोन येतो, आम्ही तासभर बोलतो. तिच्याबद्दल मला अजूनही पुरेसं वाईट वाटत नाही, हे सांगायलाच हवं. तो शेरा आठवला की आजही काहीतरी पेटतं, आणि टोपी हातात घेऊन बाजूला उभी असलेली मेधा आठवली की ते विझतं. असं मन आहे माझं.

वर्षभरानं कामगारांच्या कागदपत्रांच्या तपासणीसाठी मला अल रुवैसच्या गोदामात जावं लागलं. सलीमभाईंनी पत्र्याच्या केबिनमध्ये मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, कडक चहा मागवला. मुली कशा आहेत, मी विचारलं. "बडीवाली फोन पे बात नहीं करती अभी," ते म्हणाले, आणि कामगारांची यादी पुढे ठेवली. दारातून बंदरातल्या मच्छीमारांच्या होड्या दिसत होत्या. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी चहा संपवला. म्हणाले, "तुमची बदली परत दोह्याला होईल, इन्शाल्ला. मी शिफारस लिहिते."

"शुक्रन, मॅडम," ते म्हणाले.

अर्ध्या पानाचं काम होतं. पण त्यांची फाइल उघडली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मूळ प्रकरण काय होतं. मी ती शिफारस लिहिली नाही. त्यानंतर चार वर्षं मी एचआरच्या माझ्या खुर्चीवर होते, रोज पत्रं लिहीत होते, आणि ते एक लिहिलं नाही.