न मरणारी झाडं आणि अण्णा

झाडांच्या बाबतीत माझा हात फार वाईट आहे. आमच्या दारातली तुळससुद्धा दर उन्हाळ्यात माझ्या नावानं बोटं मोडत वाळून जाते. मी सकाळीच शाळेवर जाते, नवरा बँकेत, आणि जालन्यात नळाला पाणी कधी येणार हे खुद्द नळालाही माहीत नसतं. अशा घरात झाड आणायचं म्हणजे त्या बिचाऱ्याच्या जिवाशी खेळ. म्हणून मी नर्सरीत जाऊन सरळच विचारलं, "भाऊ, न मरणारं काय आहे तुमच्याकडं?"

झाडाची हौस मला अचानक आली नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गुडघ्याचं ऑपरेशन करून माझ्याकडं आलेले होते. आमचं गाव आष्टीच्या पुढं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, सहा महिने उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शेताचं तोंड बघायचं नाही. आता गावाकडं भाऊ आणि वहिनी दिवस दिवस रानात. अण्णांवर लक्ष ठेवणार कोण? अण्णा गावात म्हणजे अण्णा कापसात, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ते सहा महिने माझ्याकडंच राहिले पाहिजेत, हा माझा हट्ट. आणि अण्णांचा हट्ट एकच, "पायात जरा जोर आला की मी जातो माय."

का, तर म्हणे लेकीच्या घरी पाहुण्यावाणी यावं अन् पाहुण्यावाणीच जावं. हा त्यांचा कायदा. त्यामुळं ते माझ्या घरात असे राहायचे की बघणाऱ्याला वाटावं, यांची एसटी आता लागणार आहे. सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे. पंखा लावायचा असला तरी विचारायचे, "लावू का?" तिसरी भाकरी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. एक दिवस तर ते चहाचा कप विसळताना दिसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अण्णा, ठेवा तो कप! तुम्ही काहीसुद्धा करायचं नाही!" त्यांनी मुकाट्यानं कप ठेवला आणि परत सोफ्याच्या कडेला जाऊन बसले.

तर गॅलरीत जरा हिरवंगार दिसलं म्हणजे त्यांचा जीव रमेल, असा माझा हिशोब. फक्त त्या हिरव्याचं काम त्यांच्या मागं लागायला नको.

नर्सरीवाला खूष झाला. "मॅडम, हे घ्या स्नेक प्लांट. घ्या अन् विसरून जा. हे झेडझेड, अंधारात ठेवा, काय बोलत न्हाई. अन् मनी प्लांटला तर तुम्ही स्वतः म्हणाल मर, तरी मरायचं न्हाई." मी तिन्ही घेतली. जगात आपल्याला समजून घेणारं कुणीतरी आहे, असं मला बऱ्याच दिवसांनी वाटलं.

अण्णांनी काठी टेकत कुंड्यांची पाहणी केली. त्या तलवारीसारख्या पानांवरून बोट फिरवलं.

"याला काय येतं?"

"काही नाही."

"फूल?"

"नाही अण्णा."

"जनावर खातं?"

"छे, विषारी असतं ते."

"मंग माय, हे करतं काय?"

"काहीच करत नाही. आणि आपल्यालाही काही करावं लागत नाही," मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कुंडीकडं. "बराबर हाय," एवढंच म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांत स्नेक प्लांटची पानं बुडाशी पिवळी पडून लुळी झाली. झेडझेडची एक एक काडी आडवी व्हायला लागली, मनी प्लांटही काळा पडला. गॅलरीत कुबट वास सुटला आणि डासांना तर घरबसल्या माहेर मिळालं. मी कुंडी हलवली तर आतून पाणी डचमळलं. दुष्काळी जिल्ह्यात माझी झाडं बुडून मेली होती! असा पराक्रम माझ्याच घरात होऊ शकतो.

"अण्णा, तुम्ही पाणी घातलं?"

"न्हाई बा. मी हातसुद्धा न्हाई लावला."

मी गपचूप नवी झाडं आणली आणि पाळत ठेवली. मग सगळा प्रकार उघडकीला आला. आमच्याकडं पाणी फेकून देणं म्हणजे पाप. ग्लासात उरलेलं घोटभर पाणी असो, तांदूळ धुतलेलं असो, मेथी धुतलेलं असो, ते मोरीत जाता कामा नये. कशाच्या तरी मुळाशी जायला पाहिजे. अण्णांचं सगळं आयुष्य त्यातच गेलेलं. त्यांच्या मते ते पाणी घालतच नव्हते, ते नुसतं पाणी वाया जाऊ देत नव्हते. आणि ते एकटे नव्हते. नवरा ब्रश करून मगातलं उरलेलं पाणी घेऊन गॅलरीत जाताना सापडला. "अगं, फेकवत नाही," म्हणाला. अण्णांना बघायला येणारे शेजारीपाजारीसुद्धा उठताना ग्लासातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतूनच चपला घालायचे. खरं सांगायचं तर डाळ धुतल्यावर माझाही हात दोनदा तिकडंच गेला होता.

पण राग मात्र मी एकट्या अण्णांवर काढला. दुसऱ्यांदा स्नेक प्लांट सडलं त्या दिवशी शाळेत डोकं आधीच फिरलेलं होतं. घरात आले तर अण्णा तांब्या घेऊन कुंडीपुढं उभे. मी ओरडलेच. "किती वेळा सांगू? त्याला काही लागत नाही! कुणी काही करायचं नाही! तुम्ही नुसतं बसा ना अण्णा!"

अण्णा बसले.

मी भाजी चिरत होते तेव्हा बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला. भावाशी बोलत होते. "ये बाबा गाडी घेऊन. न्हाई, गुडघा बरा हाय. लेक-जावई लई करतात. पण मी हितं काय करून राह्यलो? खाऊन राह्यलो अन् बसून राह्यलो. हितल्या झाडालाबी माझं काम न्हाई." पलीकडून भाऊ बहुतेक म्हणाला की कापसाची शेवटची वेचणी झाली की येतो. अण्णांनी "जल्दी ये" म्हणून फोन ठेवला.

मला फार वाईट वाटलं. असं वाईट की विळीवर बसूनही भाजी चिरता येईना. सासरी आल्यावर पहिले काही दिवस मलाही कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, आणि तेव्हा मला माहेरची इतकी आठवण यायची की विचारू नका. ज्या दिवशी सासूनं खेकसून सांगितलं, "दळण आण गं," त्या दिवशी मला त्या घरात पहिल्यांदा बरं वाटलं होतं. आणि मी शहाणी बाई अण्णांचे लाड करता करता त्यांना घराबाहेर काढत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाजारातून मिरचीची रोपं आणली. मुद्दाम मिरची. तिचे नखरे तिलाच माहीत. पाणी जास्त झालं तरी रुसते, कमी झालं तरी रुसते, आणि रोग तर हिच्यासाठीच जन्माला आलेले असतात. नवऱ्यानं जुनी लोखंडी कॉट गॅलरीत टाकली आणि तिच्यावर कुंड्या मांडल्या, म्हणजे वाकायला नको. मग मी अण्णांपुढं रोपं ठेवून सांगितलं, "अण्णा, मला हे जमायचं नाही. तुम्ही बघा."

अण्णांनी एक रोप उचलून उन्हाकडं धरलं. "अशी रोपं कुणी देतं का? तुला बाजारात फसवलं. अन् ही माती हाय का राख? शेणखत कुठंय? ऊन किती वाजेपर्यंत असतं हितं?"

"मला काय माहीत?"

"इतके दिवस राहती हितं अन् घरात ऊन कुठून येतं ते माहीत न्हाई!"

आहाहा! किती दिवसांनी मला कुणीतरी रागावत होतं! त्या दिवसापासून अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याला शेणखत आणायला पिटाळलं. तांदळाचं पाणी वेगळं, डाळीचं वेगळं ठेवायचा हुकूम मला सुटला. कुंडीत ग्लास रिकामा करायला गेलेल्या शेजाऱ्याला काठी दाखवली, "ओ, थांबा, तिला आज पाणी न्हाई!" पंखा तर ते आता न विचारताच लावत होते, आणि वर भाकरी पातळ झाली म्हणून नावंही ठेवत होते.

तरी अण्णांची कपड्यांची थैली दारात भरलेली होतीच. बोललेलं बोललं, हा त्यांचा दुसरा कायदा. वेचणी संपली, भाऊ रविवारी येतो म्हणाला. मिरची अशी टवटवीत की तिला आता अण्णांची गरजच दिसेना. शनिवारी मी देवापुढं दिवा लावला आणि हात जोडून चक्क मागणं मागितलं की देवा, माझ्या मिरचीला काहीतरी होऊ दे. असा नवस त्या देवानंही पहिल्यांदाच ऐकला असेल.

रविवारी सकाळी गॅलरीतून हाक आली. "माय, ए माय! जल्दी ये! बोकड्या पडला!"

मी पळतच गेले. वरची कोवळी पानं वाकडी होऊन आखडली होती. बोकड्या म्हणजे मिरचीचा नामचीन रोग. शेतात पडला तर शेतकरी कपाळाला हात लावतो. पण अण्णांचं तोंड असं फुललेलं की पेढे वाटायचेच काय ते बाकी. "बघ, मी म्हणलो न्हवतो? आता आंबट ताक लागंल. कडुलिंबाचा पाला उकळावा लागंल. रोज सकाळी एक एक पान उलटं करून बघावं लागंल. लई कुटाणा हाय!"

तेवढ्यात भाऊ आला. दारातली थैली उचलून म्हणाला, "चला अण्णा, उन्हाच्या आत निघू."

अण्णा पान उलटं करून बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

"अन् हे कोण बघंल? ही शाळेत, जावईबापू बँकेत. या दोघांच्या हाती जितं काही देऊ नाही."

"अण्णा, तिकडं एवढं रान सोडून तुम्ही चार कुंड्यांपायी..."

"रानाला तू हायेस. ठेव ती थैली खाली."

भाऊ थैली हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. अण्णांनी पान सोडलं, हात झटकले आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या आवाजात मला म्हणाले, "बघती काय नुसती? पाहुण्याला चहा टाक. त्याला जल्दी जायचंय."

मी पाहुण्यासाठी चहा टाकायला गेले.