हळदीचं पाणी

वारंगा फाट्याला एसटीतून उतरले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. हातात पिशवी, पिशवीत घरची हळद, आणि मनात एकच बेत: लेकीला घेऊनच सांगलीला परतायचं. परतीची दोन तिकिटं आधीच काढून ठेवली होती. सुमन इंजिनियर, फाट्यापुढच्या माळावर नवा दवाखाना उभा राहतोय, त्याच्या गटारांची आखणी तिची. त्यापायी बाई दिवाळीलाही आली नाही!

न्यायला आली ती धुळीने माखलेली. वाळली होती हो. जेवायला भाकरी नि ठेचा. मी माझी अर्धी भाकरी तिच्याच ताटात सरकवली.

"आई, आज पाणी सोडून बघायचंय. नीट निघालं की उद्या तुझ्यासोबत."

मग माळावर नेऊन दाखवलं. सांडपाणी एका नळातून शुद्धीकरणाच्या टाकीला, पावसाचं दुसऱ्यातून ओढ्याला. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, कारण ओढ्याकाठीच गावाची विहीर. ते तपासायला सांडपाण्याच्या नळात रंग ओतायचा, आणि रंग नांदेडहून आलाच नव्हता.

"हळद चालेल?" मी म्हटलं.

नळ जोडणारे रशीदभाई हसले. "मावशी, आमच्या वसमतची हळद मुलूखभर जाते. तुमी सांगलीहून काहून (कशाला) आणली?"

"लेकीसाठी आणली, तुमच्या गटारासाठी नव्हे!"

"मंग बराबर हाय. गटार बी तिचंच लेकरू."

सगळे टाकीपाशी गेले. मला ऊन नको म्हणून ओढ्याकडच्या नळाच्या तोंडाशी, बाभळीच्या सावलीत बसवलं. इथून थेंबही यायला नको होता.

दवाखान्यातल्या मोऱ्यांत हळद कालवलेल्या पाण्याच्या बादल्या रिकाम्या झाल्या. थोड्या वेळाने टाकीकडून आरोळी आली, "आलं! पिवळंधमक आलं!"

सुमन तिथूनच ओरडली, "आई, पिशवी भर!"

मी उठले, आणि दिसलं. माझ्यासमोरच्या नळातून पिवळी धार. सुतळीएवढी. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पायाने माती सारली असती तर झालं असतं. पलीकडे विहिरीवर एक बाई कळशी घासत होती.

"सुमे," मी हाक मारली, "इकडं ये गं."

ती आली, उकिडवी बसली. धारेत बोटं धरली.

"बाळंतिणींच्या खोलीतली मोरी. या नळाच्या बाजूला तेवढी एकच आहे. नकाशातच चुकीच्या नळाला जोडलीय. माझ्याकडूनच चुकलं, आई. पुन्हा खणावं लागेल."

"मग कधी येशील?"

तिने पिवळा हात माझ्या पदराला पुसला, लहानपणी पुसायची तसा.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा रिकामी होती. मी तिथं पिशवी ठेवली. कुणाला बसू दिलं नाही. आता घरी मोरीत पाणी ओतलं की वाकून बघत राहते. जन्मभर ओतलं, पण कुठं जातं ते कधी विचारलं नव्हतं.

उरलेली हळद तिच्याकडेच ठेवून आलेय. पुन्हा पाणी सोडतील तेव्हा लागेल.