इंडेक्स टूवरचं दुसरं नाव

गेल्या मंगळवारी नाशिकला आमच्या फ्लॅटची रजिस्ट्री झाली. पेढे वाटून झाले, अभिनंदनाचे मेसेज येऊन गेले... पण त्याआधीचे तीन आठवडे कसे गेले, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहितेय.

फ्लॅट इंदिरानगरचा, रीसेलचा. विकणारे काका सत्तरीचे, एकटे राहणारे, मोजकं बोलणारे. आम्हाला घर बघताक्षणी आवडलं.

आमच्या वकील मॅडमनी सगळ्यात आधी इंडेक्स टू काढला, म्हणजे जुन्या रजिस्ट्रीचा सरकारी उतारा. त्यावर दोन नावं होती... काकांचं आणि त्यांच्या बायकोचं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, मुलं किती? काका म्हणाले, "एक. दीपक. पुण्याला असतो."

झालं. बँकेचं लोन मंजूर झालं. पंचवटीतलं भाड्याचं घर सोडतोय असं आम्ही मालकांना सांगितलं आणि त्यांना लगेच दुसरे भाडेकरू मिळालेसुद्धा.

मग एका शनिवारी मी सोसायटीचं ना-हरकत पत्र आणायला गेले. सेक्रेटरी मावशींनी शिक्का मारता मारता सहज विचारलं, "वैशालीची सही झाली का गं?" मी म्हटलं, कोण वैशाली? त्यांचा हात थांबला. "त्यांची मुलगी. दिंडोरीला असते."

बारा वर्षांपूर्वी तिने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. तेव्हापासून येणंजाणं, बोलणं सगळं बंद. काकांनी त्या दिवसापासून "मला एकच मुलगा" असं म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत...

घरी येऊन मंगेशला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही असं समजू या का? खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. रविवारभर फोन हातात घेतला आणि ठेवला... सोमवारी सकाळी मॅडमना लावला.

मॅडमनी काकांना आणि दीपकला ऑफिसात बोलावलं. त्यांनी शांतपणे समजावलं की काकूंच्या अर्ध्या हिश्शात नवरा आणि दोन्ही मुलं सारखे वारस आहेत. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हक्क जात नाही. तिच्या सहीशिवाय व्यवहार झाला, तर तिचा हिस्सा विकलाच गेला नाही असं होईल आणि उद्या कोर्टात आम्ही उभे असू.

दीपक मान खाली घालून बसला होता. काका म्हणाले, "मी तिला मुलगी मानत नाही." मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही मानत नसाल. कायदा मानतो."

काका उठून निघून गेले. मला वाटलं, संपलं... घर गेलं. दीपक मात्र थांबला, त्याने माझ्या वहीत बहिणीचा नंबर लिहून दिला. म्हणाला, माझी हिंमत नाही होत, तुम्हीच करा.

मी केला. वैशालीताईंनी सगळं न टोकता ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "आई गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही दुसऱ्यांकडून." फोन ठेवताना विचार करून सांगते म्हणाल्या.

पाच दिवस फोन नाही. आमचे मालक विचारत होते, कधी निघताय. बँक विचारत होती, तारीख कोणती. मी नोकरीवर, लॅबमध्ये, सॅम्पलवर चुकीची लेबलं लावायला लागले होते...

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "सही करते. पण हक्क सोडला असं कुठं लिहायचं नाही. विकणाऱ्यांत माझं नाव पाहिजे. बागेत द्राक्षाचा तोडा चालू हाय, तरी येईन." मॅडम म्हणाल्या, काहीच अडचण नाही, तीन विकणारे लिहू. काकांना दीपकने काय सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे... पण ते तयार झाले.

रजिस्ट्रीच्या दिवशी बाकाच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला वैशालीताई. मधे दीपक. तिघांपैकी कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. ताईंचे मिस्टर तर आतच आले नाहीत, गेटजवळ उभे राहिले. आमचा नंबर येईपर्यंत दोन तास हे असंच.

आत फोटो झाले, अंगठे झाले. विकणाऱ्यांना ओळखणारे दोन साक्षीदार लागतात... एक सेक्रेटरी मावशी, दुसरे शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ, जे दोन वर्षांपूर्वीच राहायला आले होते. सब-रजिस्ट्रार साहेबांनी वैशालीताईंकडे बोट करून विचारलं, यांना ओळखता? गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, नाही, आज पहिल्यांदाच बघतोय.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. यांना ओळखणारं अजून कुणीतरी लागेल, नाहीतर पुढची तारीख घ्या, म्हणाले.

तेवढ्यात काका बोलले. "मी ओळखतो. माझी मुलगी आहे."

साहेब म्हणाले, "काका, तुम्ही स्वतः लिहून देणारे, म्हणजे विकणारे आहात. तुमची ओळख चालत नाही." काका दीपककडे वळून म्हणाले, "बाहेर जावई उभे आहेत. त्यांना आत बोलाव."

वैशालीताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे मिस्टर धावत आले, त्यांनी आधार कार्ड काढून साहेबांसमोर ठेवलं. दस्तावर सासऱ्यांच्या सहीखाली त्यांची सही झाली.

बाहेर पडल्यावर ती माणसं एकमेकांशी काय बोलली, मला माहीत नाही. आम्ही मुद्दाम पुढे निघून आलो.

नंतर मॅडमना पेढे द्यायला गेले. त्या म्हणाल्या, तू फोन केलास ते बरं केलंस. मी नुसती हसले... त्या रविवारी मी गप्प बसायच्या किती जवळ होते, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून इथे लिहिलं.