मलावीची गिरणी आणि कोडोलीच्या कोंबड्या

"आक्का, पाहुण्यांचा परिचय पाच मिनिटांत गुंडाळा. सत्कारालाच पाऊण तास लागतोय," आबासाहेब म्हणाले आणि फेटेवाल्याला शोधायला गेले.

शाहूपुरीतला हॉल भरत आला होता. आबासाहेब म्हणजे कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. मी निवेदिका. माईकपाशी उभी राहून "आता मी विनंती करते" म्हणणारी बाई. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं रेडिओ ऐकून आणि दुसऱ्यांचे कार्यक्रम बघून शिकले.

पाहुण्या होत्या डॉ. चिकोंडी, आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या विकास अर्थतज्ज्ञ. हे काय असतं ते मलाही माहीत नव्हतं. मला कळलं ते असं, की गरिबांसाठी केलेलं काम गरिबांपर्यंत पोचलं का, हे त्या बघतात. आमच्याकडे हे काम फोटो बघून करतात.

संस्थेनं कोडोलीच्या बचत गटाला डंख दिला होता. डंख म्हणजे चटणीसाठी मिरची-मसाला कुटायचं मशीन. आता तसेच डंख आणखी गावांना द्यायचे होते, आणि त्याला पैसे मिळणार का, हे बाईंच्या रिपोर्टवर ठरणार होतं. म्हणून कोडोलीच्या बायका एकसारख्या साड्या नेसवून आणून पहिल्या रांगेत बसवलेल्या.

त्यांच्या पुढारी सुमनबाईंनी मला जिन्यात गाठलं. "ओ मावशी, आमाला दोन मिन्टं बोलू द्या की. डंख आल्यापास्नं बंदच हाय. त्याला थ्री-फेज लागती, आन् आमच्यात ती रातचीच येती, तवा मिरची घेऊन कोन येनार? येगळं कनेक्शन मागून जीभ झिजली. यंदाबी चटणीचा सीझन गेला तर गट मोडतोय बगा."

मी आबासाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बायकांनी टाळ्या वाजवायच्या. बोलायला आम्ही हाय की."

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. परिचयात डिग्र्या वाचल्या की लोक मोबाईल काढतात. म्हणून मी पाहुण्यांना आधी गाठून आईचं विचारते. आईचं सगळ्यांना सांगता येतं. बाईंपुढं माझं इंग्रजी उभं केलं, "मॅडम, युवर मदर, व्हाट वर्क?"

त्या हसल्या आणि मला समजेल अशा बेतानं सांगत गेल्या. आई तळ्याकाठी मासे विकायची. परदेशातल्या लोकांनी गावाला मक्याची गिरणी दिली, डिझेल काही दिलं नाही. गिरणी तशीच उभी. आई तिच्यावर मासे वाळत घालायची, कारण गिरणी उंच होती, मांजर पोचायचं नाही. दरवर्षी पाहुणे यायचे, तेव्हा मासे उचलायचे आणि सगळ्यांनी गिरणीपुढं उभं राहून टाळ्या वाजवायच्या. छोट्या चिकोंडीनंही वाजवल्या. पुढं त्या स्कॉलरशिपवर शिकल्या, सरकारी नोकरी केली, मोठ्या परदेशी बँकेत गेल्या. जिथं जातील तिथं कुणीतरी अशीच एखादी बंद गिरणी दाखवायचं आणि टाळ्या वाजवायचं. शेवटी त्या एवढंच विचारायला लागल्या, "चालू करून दाखवता का?" बँकेत हा प्रश्न फारसा आवडला नाही. नोकरी सोडली आणि तेच काम स्वतःचं म्हणून करायला लागल्या.

कार्यक्रम सुरू झाला. दीप, स्वागत, प्रास्ताविक. मग सत्कार. माझ्या हातात चिठ्ठ्या यायला लागल्या. म्हणजे ज्यांचं नाव राहिलं, त्यांची माणसं चिठ्ठी पाठवतात आणि आम्ही ती वाचायची. पाहुण्यांना फेटा एकदाच बांधला, पण तो बांधतानाच्या फोटोत सोळा जण.

अखेर परिचय आला. परिचयाचं एक बरं असतं, स्टेजवरचा कुणीही तो मध्ये तोडू शकत नाही. पाहुण्यांचं कौतुक चाललेलं असतं ना. मी गिरणीची गोष्ट सांगितली आणि पहिल्या रांगेकडं वळले.

"पाहुण्यांच्या आईनं गिरणीवर मासे वाळवले. कोडोलीच्या बायांनो, तुमच्या डंखाचं काय?"

सुमनबाई उठल्या. "त्याच्यावर कोंबड्या बसत्यात, बाई. उंच हाय न्हवं, मुंगूस पोचत न्हाय."

हॉल हसून लोळला. आबासाहेबही हसले, मग त्यांना आठवलं डंख कुणी दिलाय. भाषांतराला ठेवलेला साहेब बूट बघत बसला, तेव्हा मीच म्हटलं, "मॅडम, हेन्स सिटिंग. सेम लाइक फिश."

बाई फेट्यासकट स्टेजवरून उतरल्या आणि सुमनबाईंशेजारी जाऊन बसल्या. विचारलं, चालू करून दाखवता का? मी मराठीत सांगितलं. सुमनबाई म्हणाल्या, "रातच्याला या."

आबासाहेब वाकून म्हणाले, "मॅडम, तांबडा-पांढरा रस्सा तयार आहे, गार होईल." बाईंनी तो डब्यात मागितला आणि बायकांच्या गाडीतून कोडोलीला गेल्या. कोंबड्यांचे फोटो स्वतः काढले. रिपोर्टमध्ये लिहिलं, आधी हा डंख चालवा, मग पुढच्या गावांचं बघू.

पुढचे पैसे अडकल्यावर महिन्याभरात कनेक्शन आलं. चटणीचा सीझन सापडला, गट टिकला. कनेक्शनचं उद्घाटन झालं, निवेदनाला मीच. आबासाहेबांनी पाठवलेली चिठ्ठी वाचली, की अडचण सर्वप्रथम त्यांच्याच लक्षात आली होती. बायका भाजलेली मिरची घेऊन ताटकळत होत्या, म्हणून चिठ्ठी मी दोनदा, अगदी ठासून वाचली. टाळ्या झाल्या, आबासाहेब खूश होऊन बसले, भाषण विसरले आणि डंख अर्धा तास आधी चालू झाला.

नव्या निवेदिकांना मी हेच सांगते. श्रेय आधीच वाटून टाकावं, कामाला तेवढाच वेळ मिळतो.