जपानकाका बसत नसत

मेहकरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेला, घरातला पहिला पदवीधर असा मी आज चार लोकांत ताठ उभा राहतो, याचं सर्वांत मोठं श्रेय जपानकाकांना आहे. उभं राहण्यावरून आठवलं. काका कधी बसत नसत. अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या त्यांच्या घरी चांगला मऊ सोफा होता. त्यावर आम्ही बसायचो आणि काका खिडकीपासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून खिडकीपर्यंत येरझारा घालत बोलायचे. हातातला चहा थंड व्हायचा. काकू तो मायक्रोवेव्हमधून काढून पुन्हा त्यांच्या हातात द्यायच्या.

काका जवळच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. विषय एकच, जपान. परक्यांची काळी जहाजं पाहून हादरलेला देश पन्नासएक वर्षांत रशियाचं आरमार बुडवतो, हे त्यांना आयुष्यभर पुरलेलं कोडं होतं. दर रविवारी आम्ही काही सॉफ्टवेअरवाले त्यांच्याकडे पोहे खायला जायचो आणि जपान ऐकून यायचो. माझा रूममेट सुहास पुण्याचा. तो म्हणायचा, "यार, काका पोह्यांचं आमिष दाखवून आपल्याला एकोणिसाव्या शतकात कोंडतात."

काका कुणाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. सुहास 'सदाशिव पेठ', मी 'मेहकर'. पहिल्यांदा मी कानकोंडा झालो. कुणी विचारलं तर मी तोवर 'नियर औरंगाबाद' सांगत असे. काकांनी ते बरोबर हेरलं.

"मेहकर म्हणायला लाजतोस होय रे? जपानचा कायापालट कुणी केला? राजधानीतल्या बड्यांनी? छे! लांबच्या प्रांतांतल्या हलक्या दर्जाच्या सामुराईंनी. राजधानीच्या दृष्टीने सगळे मेहकरचेच!"

"आणि सदाशिव पेठेने काय केलं, काका?" सुहासने विचारलं.

"नावं ठेवली," काका म्हणाले.

२००३ साली माझ्या या रविवारच्या मजेवर विरजण पडलं. आमच्या कंपनीने मला एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसवलं. तिथे वॉल्टर नावाचा साठीकडे झुकलेला प्रोग्रॅमर होता. दाव्यांचा सगळा जुना प्रोग्रॅम त्याने उभा केला होता. मी तो त्याच्याकडून शिकून घ्यायचा आणि मग काम आमच्याकडे यायचं. शिकून झालं की त्याची नोकरी जाणार, हे त्याला ठाऊक होतं. नाही म्हटलं तर माझा व्हिसा जाणार, हे मला ठाऊक होतं. वॉल्टर मात्र शांतपणे शिकवायचा. "आत्ताच काय ते विचारून घे," तो हसून म्हणायचा, "पुढच्या महिन्यापासून मी फी लावणार आहे." ते हसणं मला घरी आल्यावरही सोडत नसे.

मी काकांना सांगितलं. त्यांचा वेग वाढला.

"अरे, जपानने हेच केलं! रेल्वेला इंग्रज आणला, कायद्याला फ्रेंच, वैद्यकीला जर्मन. काहींना मंत्र्यासारखा पगार. साहेबाच्या शेजारी जपानी शिकाऊ. शिकून झालं, कंत्राट संपलं, साहेब बोटीत!"

"म्हणजे मी करतोय ते बरोबर?" मी आशेने विचारलं.

"शिकणं बरोबर. पण बोट सुटताना विद्यार्थी कुठे होते, ते विचार ना."

"कुठे होते?"

"बंदरावर. निरोप द्यायला. कित्येकांनी पुढे वर्षानुवर्षं पत्रं लिहिली."

काही दिवसांनी माझं कंत्राट वाढल्याचं कळलं. मी शेजारच्या एडिसन गावातल्या भारतीय दुकानातून पेढे घेऊन काकांकडे धावलो. त्यांनी पेढा उचलला नाही.

"आणि वॉल्टर?"

"शुक्रवार शेवटचा."

काका खिडकीपाशी गेले. "माझ्या आजोबांनी साताऱ्यात पेढे वाटले होते. जपानने रशियाला हरवलं म्हणून. आशियातला माणूस जिंकला! आमच्या घरात ही गोष्ट सणासारखी सांगायचे. मीही पहिल्या वर्षी वर्गात तशीच सांगितली. एक कोरियन मुलगी उठली. म्हणाली, सर, त्यानंतर पाच वर्षांनी आमचा देश कुणी गिळला? माझ्या आईला शाळेत आपलं नाव टाकून जपानी नाव का घ्यावं लागलं?" काका फ्रीजपर्यंत जाऊन परत आले. "गुरूला बंदरापर्यंत पोचवणाऱ्यांनी शेजाऱ्याचं नाव पुसलं. एकाच देशाला दोन्ही कसं जमलं? मला अजून कळत नाही. तेव्हापासून मला बसवत नाही रे."

शुक्रवारी वॉल्टरला बाहेर न्यायला सिक्युरिटीचा माणूस आला. सगळ्यांनी स्क्रीनमध्ये माना घातल्या. मी उठलो. आमचा मॅनेजर हलकेच म्हणाला, "तुझी गरज नाहीये तिथे. क्लायंट बघतोय." मी वॉल्टरचं खोकं उचललं आणि त्याच्या गाडीपर्यंत गेलो. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो, एवढंच.

रविवारी हे ऐकल्यावर काकांनी पेढा उचलला आणि अर्धाच खाल्ला. "उरलेला नंतर बघू," म्हणाले.

पुढे काकू गेल्या आणि मुलगी काकांना ओहायोतल्या डब्लिन गावी घेऊन गेली. निघताना तेवढे ते माझ्या गाडीत बसले, तेही सारखे घड्याळ बघत. २००८च्या मंदीत आमचंही काम गेलं, तेव्हा मी त्यांना हे पत्र लिहिलं.

"ती. काकांस सा. न.

नेवार्कच्या विमानतळावरून लिहितो आहे. परत चाललो. शेवटचे काही आठवडे मी मनिलातल्या एका मुलीला फोनवरून वॉल्टरचा प्रोग्रॅम शिकवला. प्रत्येक ठिकाणी 'हे वॉल्टरने लिहिलं' असं सांगत गेलो. शेवटी तिने विचारलं, 'हे वॉल्टर कोण?' मग मी तिला सगळं सांगितलं.

आज वॉल्टर मला पोचवायला आला होता. इतकी वर्षं आमची पत्रं चालू होती; या वेळी मी फक्त तारीख कळवली होती. माझी जड बॅग उतरवत म्हणाला, 'तू पार्किंगपर्यंत आलास. मी इथवर येऊ नये?' मी त्याला पेढा दिला. हा काकांचा उरलेला अर्धा, असं म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने खाल्ला.

तुमच्या कोड्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. माझं एका माणसापुरतं निभावलं, देशाचं कसं निभावायचं ते माहीत नाही. पण आमच्या शाळेत जाऊन जपान सांगायचं ठरवलं आहे. रशिया हरला की मुलं टाळ्या वाजवतील. तिथे मी थांबणार नाही. त्या कोरियन मुलीच्या आईचं सांगेन.

हे तुम्ही खिडकीपाशी उभ्यानेच वाचत असाल. काका, निदान पत्र संपेपर्यंत बसा.

आपला,
मेहकर"