पागाची मगर, ब्राझोस बेंडची मगर

त्या काळी अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये कुणी जेवायला बोलावलं की मी आधी विचारायची, "स्लाइड्स आहेत का?" आहेत म्हटलं की डोकेदुखीची गोळी पर्समध्ये टाकायची. आमच्या मराठी मंडळींची रीतच होती ती. कुणी सुट्टीवर जाऊन आलं की शनिवारी दुपारी सगळ्यांना एकेक पदार्थ घेऊन पॉटलकला बोलवायचं, श्रीखंड-पुरी चारून सुस्त करायचं, खिडक्यांना ब्लँकेटं लावायची आणि भिंतीवर आपली सहल दाखवायची. पळून जाणार कुठे? बाहेर शंभर डिग्री ऊन!

या प्रकारात आमच्या डॉक्टरीणबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई स्वतः डॉक्टर, हुशार, पण दरवर्षी युरोप. स्वित्झर्लंडचा एकच डोंगर त्यांनी आम्हाला सकाळी, दुपारी आणि ढगात दाखवला. वर दिवे लागले की मला हटकून विचारायच्या, "आणि तुम्ही यंदा कुठे?" मी म्हणायची, "गॅल्व्हेस्टन." म्हणजे आमच्या गावाजवळचाच समुद्रकिनारा. मग त्या असं काही गोड हसायच्या की जिवाचा नुसता संताप व्हायचा.

तर एका वर्षी आमच्या ह्यांना कंपनीने तीन महिने घानाला पाठवलं, बंदराच्या कामावर. शेवटचे अडीच आठवडे मीही जाणार म्हटल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाना? अहो, तिथे बघायला काय आहे?"

बस्स! तिथल्या तिथे मी ठरवलं, की हिला घानाच्या स्लाइड्स दाखवून गप्प केल्याशिवाय नाव लावणार नाही.

आणि बघायला काय नव्हतं हो! केप कोस्टला समुद्रावरचा पांढराशुभ्र किल्ला. वरून इतका देखणा आणि खाली माणसं कोंडायची तळघरं. तिथून एक दार थेट समुद्राकडे. त्यातून गेलेला गुलाम परत आला नाही, असं आम्हाला हिंडवणाऱ्या बाईने सांगितलं आणि मी त्या दाराला पाठ फिरवून वर उन्हात आले. मग कुमासीजवळचं बोनवायर, विणकरांचं गाव. वीतभर रुंदीसुद्धा नसलेल्या पट्ट्या विणतात आणि त्या जोडून केंटेचं वस्त्र करतात. रंग असे की माझी पैठणी बघून लाजली असती. मग वर उत्तरेला जाताना किंटाम्पोचा धबधबा, मोलेच्या जंगलातले हत्ती, लाराबांगाची मातीची मशीद, जिच्या भिंतींतून लाकडांची टोकं बाहेर आलेली. आणि अगदी सरहद्दीवर पागा. तिथल्या तळ्यातल्या मगरी गावाने पूर्वजांसारख्या जपलेल्या. त्या माणसाला काही करत नाहीत. मी त्यातल्या एकीच्या पाठीवर बसले. शपथेवर सांगते, बसले! ह्यांनी फोटो काढला.

आता ह्यांचा स्वभाव सांगायला हवा. इंजिनियर माणूस, पण छत्तीस फोटोंच्या रोलमधून अडतीस काढल्याशिवाय चैन पडायची नाही. पागाला छत्तीस झाले. सदतिसावा झाला. अडतिसाव्याला खटका अडला, ह्यांनी जोर लावला आणि आत काहीतरी टर्रकन फाटलं. "बघतो काय झालंय ते," असं म्हणून ह्यांनी भर दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडलं.

झालं! हत्ती गेले, मशीद गेली, मी आणि माझी मगर गेलो. पहिला रोल धड होता. दुसऱ्यातला गुंडाळीच्या अगदी आतला एकच फोटो वाचला, किंटाम्पोचा धबधबा. तोही एका कडेने नारिंगी झालेला.

घरी येऊन रोल धुतल्यावर हे कळलं आणि मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. कारण तोवर डॉक्टरीणबाईंना फोनवर हत्ती-मगरींसकट सगळं सांगून, मंडळींना आमंत्रण देऊन मोकळी झाले होते. आता शब्द फिरवायचा म्हणजे पुन्हा तेच गोड हसणं! तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अहो, कॅमेरा घ्या. ब्राझोस बेंडला जाऊ."

ब्राझोस बेंड हे आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरचं पार्क. तिथल्या तळ्यात मगरींना तोटा नाही.

"अगं, ते अ‍ॅलिगेटर आहेत. तोंड वेगळं असतं," हे कळवळून म्हणाले.

"डॉक्टरीणबाई हृदयाच्या डॉक्टर आहेत, तोंडाच्या नाहीत."

हत्ती आम्ही ह्यूस्टनच्या झूमध्ये टिपले, कठडा टाळून. मशिदीचं काही जमेना, ती मी तोंडीच सांगायचं ठरवलं. भीती होती ती फक्त ह्यांची. ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की कान लाल होतात, असे की कुणीही पकडावं. म्हणून ह्यांना प्रोजेक्टरमागे अंधारात उभं केलं आणि बजावलं, "तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

शनिवारी मंडळी जमली. सगळ्यांत शेवटी डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांच्यामागे एक उंच, सावळी, शांत बाई. "सरप्राइज!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही आमच्या हॉस्पिटलमधली नर्स. घानाचीच आहे! म्हटलं, हिला आपला देश बघू दे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मेले! आता कॅन्सल तरी कसं करणार? पुऱ्या तळून झाल्या होत्या आणि ब्लँकेटं लागली होती.

किल्ला आला. नर्ससाठी मी सगळं इंग्रजीत सांगत होते. तिथे मी थट्टा केली नाही, जे वाटलं तेच सांगितलं. बोनवायरची वस्त्रं आली तेव्हा नर्स पुढे सरकून बसली. धबधबा आला तेव्हा ती उठून उभीच राहिली, पण मी घाईघाईने "खराब स्लाइड आहे ही" म्हणून "नेक्स्ट!" ओरडले. मग हत्ती. नर्सने मान तिरकी करून ते नीट पाहिले. मग मगर.

"अय्या! आणि हा मागे कूलर कुणाचा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खरंच की हो! कोपऱ्यात गवतात कुणाचा तरी पिकनिकचा कूलर, लाल, चक्क पांढऱ्या झाकणाचा. प्रोजेक्टरमागून ह्यांचा श्वास ऐकू आला. मी झटकन भिंतीपुढे उभी राहिले, तर तो कूलर माझ्याच पोटावर दिसू लागला.

"तो तिथल्या मगरी सांभाळणाऱ्यांचा आहे," नर्स शांतपणे इंग्रजीत म्हणाली. "मगरींसाठी कोंबड्या आणतात त्यातून. आणि ही मगर मी ओळखते. फार म्हातारी आहे. डाव्या पायाने लंगडते."

सगळे "ओ हो!" म्हणाले. डॉक्टरीणबाईंची बोलती बंद झाली. जाताना त्यांनी चक्क विचारलं, "घानाला कुठल्या महिन्यात जावं हो?" इतकी वर्षं वाट पाहिलेला क्षण, आणि मला त्याची चवच लागेना.

सगळे गेले तरी नर्स भांडी विसळायला थांबली. मी तिला कोथिंबीर वडी दिली आणि खाली मान घालून म्हटलं, "सॉरी."

ती खळखळून हसली. "अगं, त्या कूलरच्या शेजारच्या बाकावर मी दर रविवारी बसते. डोळे अर्धे मिटले की ते तळं थोडंसं आमच्याकडचं वाटतं. नऊ वर्षं मी तेच घाना बघतेय." मग हात पुसत म्हणाली, "पण धबधबा खरा होता ना? तो पुन्हा दाखवशील? माझी आई त्याच्या वाटेवर संत्री विकते."

खराब म्हणून मी जी पुढे ढकलली, ती एकच स्लाइड बघायला ती बसून राहिली होती!

ह्यांनी धबधबा पुन्हा लावला. ती भिंतीपाशी गेली. पाण्याच्या डाव्या अंगाला दोन-तीन बायका दिसत होत्या, नखाएवढ्या. प्रत्येकीसमोर वाकून तिने पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी आली नसेल."

आम्ही गेलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. आम्ही कुणाकडून काहीही विकत घेतलं नव्हतं. मी काही बोलणार, एवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला.

"आल्या होत्या. वरच्या वाटेवर. फोटोत नाहीत, पण आम्ही त्यांच्याकडून संत्री घेतली. वयस्कर बाई होत्या. एक जास्तच दिलं त्यांनी."

"एक जास्त?" ती वळली. "मग तीच. ती नेहमी एक जास्त देते."

मी मागे पाहिलं. प्रोजेक्टरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात ह्यांचे कान टोमॅटोसारखे लालभडक झाले होते. मी पटकन प्रोजेक्टरचा दिवा घालवला, तशाच अंधारात चाचपडत ती स्लाइड काढली आणि तिच्या हातात ठेवली. अजून गरम होती. आपल्याकडे हिची दुसरी कॉपी नाही, असं हे त्या दिवशी म्हणाले नाहीत.