दुपारी घरी बसण्याचा खर्च

साधं राहता यावं म्हणून माझ्या मामेबहिणीनं जेवढी मेहनत घेतली, तेवढ्या मेहनतीत दुसरं कोणीही सहज श्रीमंत झालं असतं. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर तिनं शांतपणे, "श्रीमंत माणसांना रजा मिळत नाही, दादा," एवढंच उत्तर दिलं आणि समोरच्या पोह्यांतले शेंगदाणे आधी खाऊन घेतले. कुठलीही गोष्ट शेवटासाठी राखून ठेवायची नाही हा तिचा नियमच आहे. निवृत्तीसुद्धा तिला साठाव्या वर्षासाठी राखून ठेवायची नव्हती.

माझे मामा केंद्र सरकारच्या नोकरीपायी सांगलीहून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मयूर विहारात त्यांनी सोसायटीत घर घेतलं, तेही अगदी वरच्या मजल्यावर, कारण तो स्वस्त होता. मामा-मामी गेल्यावर ते घर हिच्या वाट्याला आलं आणि सांगलीचं घर भावाच्या. हिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती "वेळ नाही मिळाला" असं सांगते, आणि ते इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगते की पुढचा प्रश्न विचारायला माणसाला सुचत नाही. नोएडात तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत ती हिशेब बघायची. त्याच सोसायटीत तळमजल्यावर मी, माझी बायको आणि माझी आई राहतो. आई म्हणजे तिची सख्खी आत्या. मी सरकारी नोकर असल्यामुळे माझी निवृत्ती सरकारनं ठरवून ठेवली आहे आणि त्या बाबतीत मला डोकं चालवावं लागत नाही.

तिनं मात्र ते चालवलं. तिशीतच तिनं जाहीर केलं की पन्नाशीच्या आत नोकरी सोडायची. तेव्हा घरातल्या सगळ्यांना ते पोरीचं बोलणं वाटलं. पण ती हट्टाला पेटली की मग मागे फिरत नाही. साधेपणानं जगायला महिन्याला बावीस हजार पुरतात असं तिनं काढलं. पुढे महागाई वाढली तशी ती एकेक गोष्ट आयुष्यातून काढून टाकत गेली, पण बावीस हजार तसेच राहिले. आधी गाडी गेली, मग वर्तमानपत्र, मग केस रंगवणं. वर्षाच्या खर्चाची तीसपट रक्कम बँकेत असली की माणूस मोकळा, असं तिचं सूत्र होतं. माझ्या ऑफिसातली तरुण मुलं पंचवीसपट म्हणतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ती मुलं आहेत, त्यांना आईबाप आहेत. मला वरची पाचपट लागेल." तर असा तिचा आकडा झाला एकोणऐंशी लाख वीस हजार. माझी बायको तिला म्हणायची, अगं, सरळ ऐंशी लाख कर ना, बोलायलाही बरं. त्यावर ती गंभीरपणे म्हणाली होती की वरच्या ऐंशी हजारांसाठी तिला आणखी राबायचं नाही, ते ज्याला हवे असतील त्यानं कमवावेत.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही असं आपण म्हणतो. ती म्हणायची, कशाला पडायचं, काठावर हातपाय मारून बघावेत. म्हणून दरवर्षी ऑडिट संपलं की ऑक्टोबरात ती महिनाभराची रजा काढायची आणि निवृत्तीची तालीम करायची. त्या महिन्यात बावीस हजारांच्या वर एक पैसा खर्च करायचा नाही. एका वर्षी वीस तारखेला तिचा चष्मा फुटला, तर उरलेले दिवस तिनं एका काचेवर काढले. नवा चष्मा परवडत नव्हता असं नाही, पण त्या महिन्याच्या आकड्यात तो बसत नव्हता. रस्त्यात भेटली की एक डोळा मिटून बोलायची. सोसायटीच्या सेक्रेटरीचा त्यावरून काय गैरसमज झाला ते त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं, पण ते इथे नको.

तालमीच्या महिन्यात ती आमच्याकडे जेवायची नाही. दुसऱ्याकडे जेवलं की आकडा खोटा पडतो, असं तिचं म्हणणं. चहालासुद्धा येताना साखर आणि चहापूड पुडीत बांधून आणायची आणि दुधाचे म्हणून दहा रुपये टेबलावर ठेवायची. माझ्या आईला याचा भयंकर राग यायचा. "भाचीनं आत्याच्या घरी चहाचे पैसे टाकायचे, हे कुठल्या देशात चालतं?" असं आई विचारायची. त्यावर ही आईच्या गळ्यात हात टाकून सांगायची की आत्या, तू प्रेमानं चहा देशील, पण प्रेमाचा महिन्याचा खर्च किती धरायचा हे मला कळत नाही, म्हणून मी तो धरतच नाही. आई ते दहा रुपये देवापुढे ठेवायची. आमच्या देवाची ऑक्टोबरची मिळकत चांगली होती.

नोकरी सोडून करणार काय, हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारला. दिल्लीत निवृत्त होणाऱ्या माणसानं काहीतरी करायचं असतं. आमच्या ओळखीचे एक साहेब निवृत्त झाल्यावर सकाळी लोदी गार्डनमध्ये हसायला जातात. कोणी हरिद्वारला जातं, कोणी मुलाकडे अमेरिकेत. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात मराठी माणसांचा कसलासा कार्यक्रम होता, तिथे एका ओळखीच्या बाईंनी तिला चार लोकांत विचारलं, की घरी बसून वेळ कसा घालवणार. ती म्हणाली, "वेळ घालवणार नाही. दुपारी घरी बसणार, बस."

घरी येताना मेट्रोत तिनं मला ते नीट सांगितलं. लहानपणी शाळा दुपारची. पुढे कॉलेज, मग लगेच नोकरी. रविवारी बाजार, भाजी, बाहेरची राहिलेली कामं. ज्या घराचे हप्ते तिच्या बापानं वीस वर्षं फेडले, त्या घरात दुपारी अडीच वाजता उजेड कुठून येतो हे तिला माहीत नव्हतं. तालमीच्या महिन्यात तेवढं बघायला मिळायचं. बाल्कनीच्या दारातून उन्हाची पट्टी येते, ती मामांच्या खुर्चीपर्यंत सरकते आणि परत जाते. ती पट्टी बघायला तिला आयुष्याची उरलेली वर्षं हवी होती. मला हसू येणार होतं, पण तिचा चेहरा बघून आलं नाही.

आकडा जानेवारीत पुरा झाला. तिनं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. मालकानं दिवाळीच्या बोनसपर्यंत थांब म्हणून विनवलं, पगार वाढवतो म्हणाला. तिनं एवढंच मान्य केलं की मार्चअखेरचे हिशेब पुरे करून देईन, कारण अर्धवट पुस्तकं सोडून जाणं बरं नव्हे. एक एप्रिलला ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी मिळालेला भला मोठा मिक्सर तिनं तिथल्याच चहावाल्या बाईला देऊन टाकला आणि रिकाम्या हातानं घरी आली. त्या संध्याकाळी तिच्याइतका सुखी माणूस मी दिल्लीत पाहिलेला नाही.

आणि मग मे महिना आला.

हिशेबात जिचा हात धरणारं कोणी नव्हतं, तिची चूक इथे झाली, आणि ती चूक दिल्लीतला मराठी माणूसच करू जाणे. आमच्याकडे मे महिना दिल्लीत नसतोच. शाळा सुटली की सगळं कुटुंब गाडीत बसून गावी जातं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ही लहानपणापासून मे महिन्यात सांगलीला. नोकरी लागल्यावरही तीन आठवडे भावाकडे, आणि उरलेला उन्हाळा ऑफिसच्या एसीत सकाळपासून रात्रीपर्यंत. सगळ्या तालमी झाल्या त्या ऑक्टोबरच्या गोड हवेत. वरच्या मजल्यावरच्या घरातली जूनची दुपार तिनं जन्मात कधी पाहिली नव्हती, त्यामुळे ती बावीस हजारांत धरलीही नव्हती. यंदा तर भाऊसुद्धा सांगलीचं घर बंद करून मुलाकडे हैदराबादला गेला होता.

दुपारी बारा वाजता तिच्या घराच्या भिंती तापायच्या आणि रात्री दहापर्यंत निवायच्या नाहीत. कूलर गरम वाफा फेकायचा. टाकीचं पाणी असं यायचं की डाळ तांदूळ त्यात भिजवले असते तर शिजले असते. तिची ती लाडकी उन्हाची पट्टी मामांच्या खुर्चीवर पडली की खुर्चीला हात लावता येत नव्हता. मी म्हटलं, एसी घे, मी देतो पैसे. ती म्हणाली, आकडा म्हणजे आकडा. तिनं वाळ्याचे पडदे लावले, गच्चीवर चुना फासला, ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली. माझ्या बायकोनं तिला त्या अवतारात पाहिलं आणि ती जवळजवळ रडतच खाली आली.

मग ती दुपारी बाहेर पडायला लागली. मेट्रोत बसायची ती थेट द्वारकेपर्यंत जायची आणि परत यायची. मेट्रोतला गारवा सगळ्यांना सारखा, असं म्हणायची. आठवड्यानं तिच्या लक्षात आलं की तिकिटाचे पैसे एसीच्या बिलापेक्षा जास्त होताहेत. मग कोपऱ्यावरच्या बँकेत जाऊन बसायला लागली. पासबुक हातात धरून, टोकन न घेता. काही दिवसांनी तिथला गार्ड तिला म्हणाला, "मॅडम, आपका काम हो नहीं रहा क्या? मैं मॅनेजर साहब से बोलूँ?" त्या माणसाला खरोखरच तिची काळजी वाटत होती. तिनं त्याला थँक्यू म्हटलं आणि उठून आली. ही गोष्ट तिनंच आम्हाला हसत हसत सांगितली, पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या.

त्याच सुमारास जुन्या मालकाचा फोन आला. नव्या माणसानं हिशेबांचा घोळ घातला होता. तिनं रोज फक्त दुपारी यावं, बारा ते पाच, गाडी घ्यायला येईल, पैसे ती म्हणेल तेवढे. तो रविवार होता आणि ती हे सांगायला खाली आली. आईच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. बायको म्हणाली, "जा बाई, उन्हाळा निघेल तरी." मलाही तेच योग्य वाटलं आणि मी तसं म्हणालो.

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "गेले तर परत सुटणार नाही मी, दादा. दिवाळीपर्यंत म्हणतील, मग मार्चपर्यंत. मला माहितीये ना. मी दुपार विकणार नाही, बिल्कुल नाही." आणि मग ती माझ्याकडे न बघता आईकडे वळली. आपल्या हक्काच्या गोष्टीसुद्धा हिनं कधी मागितल्याचं मला आठवत नाही. मामांच्या आजारपणात एकटीनं धावपळ केली, पण मला ऑफिसातून बोलावलं नाही. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आत्या, उन्हाळाभर दुपारी तुझ्या खोलीत येऊन बसू का गं?"

आमची आई शहाऐंशी वर्षांची आहे. मी आणि बायको दोघंही नऊ वाजता नोकरीला बाहेर पडतो, कामाची बाई बारा वाजता जाते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आई त्या गार खोलीत एकटी असते. टीव्ही लावून ठेवते, तो बघते असं नाही. हे मला माहीत होतं आणि मी त्यावर कधी फारसा विचार केला नव्हता, कारण विचार केला असता तर काहीतरी करावं लागलं असतं.

"ये," आई म्हणाली. "पण दोन ते तीन मी झोपते. तेव्हा बडबड करायची नाही."

मालकाला तिनं तिथूनच फोन करून नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवसापासून ती खाली यायला लागली. संध्याकाळी घरी आलो की मला दुपारच्या बातम्या कळायच्या. आईनं तिला कोकमाचं सार शिकवलं, तिनं आईची नखं कापली, दोघींनी मिळून मामांना लहानपणी कोणी कोणी मारलं त्याची उजळणी केली. "यार आत्या, बाबांनी हे कधी सांगितलंच नाही," असं ती म्हणायची आणि आईला 'यार' ऐकून हसू फुटायचं. आईच्या बोलण्यात कितीतरी मराठी शब्द यायला लागले, जे आमच्या घरात मामा गेल्यापासून कोणी वापरले नव्हते, आणि ही दिल्लीत वाढलेली बाई त्यांचे अर्थ विचारत बसायची.

जूनच्या अखेरीस एकदा मी सकाळी एक फाइल घरी विसरलो आणि ती न्यायला दुपारी परत आलो. या घरात राहायला येऊन मला बावीसएक वर्षं झाली असतील, पण कामाच्या दिवशी अडीच वाजता मी इथे कधी आलो नव्हतो. कुलूप हळूच उघडलं. आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ही तिच्या पायथ्याशी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. हातात काही नव्हतं. पडद्याच्या फटीतून येणारा उजेड फरशीवर पडला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

मी बूट काढून बसलो. आईचा श्वास ऐकू येत होता. हे सगळं रोज माझ्याच घरात होत होतं आणि मी तेव्हा उद्योग भवनाजवळच्या एका खोलीत बसून टिपणीवर टिपणी लिहीत होतो, याचं मला एकाएकी फार वाईट वाटलं. आईचे असे किती उन्हाळे उरलेत ते मला माहीत नव्हतं. माझ्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती.

थोड्या वेळानं फोन थरथरला. साहेबांना फाइल हवी होती. मी उठलो, बूट हातात घेऊन बाहेर आलो आणि जिन्यात बसून ते घातले.